बुरशीचं एन्झाइम की डुकराचं? स्वादुपिंड कमी पडत असेल तर कुठून सुरुवात करायची

फ्लश केल्यावरही पाण्यावर तेलाचा तवंग राहतो. शौच फिकट, चिकट, भांड्याला धरून बसणारं, आणि वास असा की बाथरूमचं दार लगेच ओढून घ्यावं लागतं. जेवण नेहमीइतकंच आहे, तरी पॅंट सैल होत चाललीय. अशा माणसाला आधी 'ॲसिडिटी' सांगतात, मग 'गॅस', मग 'टेन्शन घेऊ नका'. स्वादुपिंडाचं नाव निघायला माझ्या बाबतीत दीड वर्ष लागलं.

निदान झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. डॉक्टर ज्या कॅप्सूल लिहून देतात, त्यांतली एन्झाइमं, म्हणजे अन्न फोडणारी पाचक द्रव्यं, डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. श्रद्धेमुळे म्हणा, शाकाहारामुळे म्हणा किंवा नुसत्या किळसेमुळे म्हणा, पुष्कळ जण इथेच अडतात आणि 'बुरशीपासून बनवलेलं', 'शंभर टक्के व्हेज' असं लिहिलेल्या डब्यांकडे वळतात. मीही वळले होते. त्या वाटेवर काय काय तपासायचं ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तेव्हा डोस आणि औषधबदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

पायरी १: कमी काय पडतंय ते आधी पक्कं करा

स्वादुपिंडाची दोन कामं. एक इन्सुलिनचं, ते इथे बाजूला ठेवू. दुसरं पाचकरसाचं. रोज साधारण दीड लिटर अल्कधर्मी रस लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन पडतो. त्यात स्निग्ध पदार्थ फोडणारं लायपेज, पिष्ट फोडणारं अमायलेज आणि प्रथिनं फोडणारी प्रोटिएज असतात. जुनाट पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह), सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट होण्याचा आनुवंशिक आजार), स्वादुपिंडाचा कर्करोग, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया यांत हा रस आटतो.

तिन्हींत पहिला फटका बसतो तो लायपेजला. पिष्ट पचवायला लाळेतलं अमायलेज थोडा हातभार लावतं. प्रथिनांसाठी जठरातलं पेप्सिन आणि आतड्याच्या अस्तरातली एन्झाइमं आहेत. स्निग्धासाठी जठरात थोडं लायपेज असतं, पण ते पुरत नाही. १९७३ साली यूजीन डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की लायपेजचं उत्पादन नेहमीच्या सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेलं की शौचातून चरबी जाऊ लागते. म्हणजे तवंग दिसायला लागला तेव्हा बहुतेक गोदाम रिकामं झालेलं असतं. पुढचं सगळं वाचताना एवढंच धरून ठेवा: आपल्याला बाहेरून आणायचंय ते मुख्यतः लायपेज.

तपासणी म्हणून बहुतेक ठिकाणी शौचातलं इलॅस्टेज मोजतात, तेही स्वादुपिंडाचंच एक एन्झाइम. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर शंका, १०० च्या खाली आलं तर कमतरता बरीच आहे असं समजतात. नमुना पातळ पाण्यासारखा असेल तर आकडा उगाच कमी येतो, म्हणून जुलाब चालू असताना देऊ नका. जुनी आणि कटकटीची चाचणी म्हणजे तीन दिवसांचं शौच गोळा करून त्यातली चरबी मोजणं. त्या दिवसांत रोज १०० ग्रॅम स्निग्ध खायचं असतं, आणि रोज ७ ग्रॅमपेक्षा जास्त बाहेर पडलं तर पचन बिघडलंय. ती करायला कोणालाच आवडत नाही, प्रयोगशाळेलाही नाही. पण नवं औषध लागू पडतं का हे मोठ्या चाचण्यांत असंच ठरवतात, म्हणून लक्षात ठेवा.

निदान न करता नुसतं 'पोट जड होतं' म्हणून एन्झाइमं सुरू करू नका. सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं), जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, लहान आतड्यात वाढलेले जिवाणू यांतही हीच लक्षणं दिसतात आणि त्यांचे उपाय निराळे आहेत.

पायरी २: लायपेजचा प्रवास समजून घ्या

हे समजलं की डबीवरच्या अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

तोंडातून गेलेलं लायपेज आधी जठरात पोचतं. तिथलं आम्ल तीव्र. डुकराचं लायपेज ४ च्या खालच्या पीएचमध्ये (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) कायमचं बाद होतं, पुढे कितीही अनुकूल वातावरण मिळालं तरी ते उठत नाही. म्हणून या कॅप्सूलमध्ये बारीक गोळ्या असतात, तिळाएवढ्या, आणि प्रत्येकीवर आम्लाला दाद न देणारा लेप. कॅप्सूल उघडून तळहातावर ओतली तर भुरकट दाणे घरंगळत जातात. नखाने एक दाबून बघितला तर वरचा लेप कडक लागतो. हे दाणे अन्नात मिसळून जठराबाहेर पडतात आणि पीएच साधारण ५.५ च्या वर गेला की लेप विरघळतो.

गोम इथेच आहे. स्वादुपिंड निकामी म्हणजे त्याचा अल्कधर्मी रसही कमी. मग लहान आतड्याची सुरुवातच आम्लयुक्त राहते, लेप उशिरा विरघळतो, आणि अन्न पुढे गेल्यावर लायपेज जागं होतं. लग्न लागून गेल्यावर भटजी यावेत तसं. म्हणूनच काही पेशंटांना डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती 'ॲसिडिटीसाठी' नसते, लायपेज वेळेवर जागं व्हावं म्हणून असते.

बुरशीच्या लायपेजचं उलट आहे. ॲस्परगिलस किंवा रायझोपस या बुरशींचं लायपेज आम्लात टिकतं, त्याला लेप लागत नाही, जठरातच कामाला लागतं. ऐकायला हे फार छान. पण पुढे लहान आतड्यात पित्तक्षार भेटतात, प्रोटिएज भेटतात, आणि तिथे ते लवकर ढेपाळतं. डुकराच्या अर्कात लायपेजचा साथीदार कोलायपेजही येतो आणि त्याच्या मदतीने ते पित्ताच्या गर्दीतही चरबीच्या थेंबाला चिकटून राहतं. जठरात टिकणारं आतड्यात टिकेलच असं नाही. 'आम्लात टिकतं' एवढंच ठळक छापलेलं दिसलं तर पुढचा प्रश्न विचारा: पित्तात टिकतं का?

पायरी ३: सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमांची कहाणी थोडक्यात

ही कल्पना नवी नाही. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं. गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परगिलस ओरायझी ही बुरशी वाढवायची आणि तिच्यातून पिष्ट पचवणारं डायस्टेज काढायचं, अशी ती पद्धत. पार्क-डेव्हिस कंपनीने ते 'ताका-डायस्टेज' नावाने अपचनावर विकलं. आजही पाचक गोळ्यांच्या डबीवर 'फंगल डायस्टेज' दिसतं, ते याच घराण्यातलं. पण ते पिष्टाचं एन्झाइम. चरबी न पचणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. औषधाच्या दुकानात 'एन्झाइमचं सिरप द्या' म्हणून मागितलं तर हेच हातात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्वादुपिंडासाठीचे खरे प्रयत्न पुढे झाले. जर्मनीत रायझोपस ओरायझीचं लायपेज आणि ॲस्परगिलस ओरायझीची प्रोटिएज व अमायलेज एकत्र असलेलं 'नॉर्टेज' हे औषध आहे. सगळ्यात मोठी आशा लायप्रोटॅमेजवर होती. त्यातलं लायपेज बर्कहोल्डेरिया सिपेशिया या जिवाणूचं, त्याचे स्फटिक करून ते रासायनिक दुव्यांनी एकमेकांत घट्ट बांधलेले, म्हणजे आम्लातही टिकावं आणि प्रोटिएजलाही पुरून उरावं. लेप नको, गोळ्या कमी, डुक्कर नको. कागदावर सगळं जमलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने आहे त्या पुराव्यावर मंजुरी दिली नाही. मग ते दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंटांत डुकराच्या एन्झाइमशी थेट तुलना झाली. २०१६ च्या चाचणीत ते 'त्याच्याहून कमी नाही' हे सिद्ध करण्यात थोडक्यात हुकलं, आणि २०१८ च्या चाचणीतही उद्दिष्ट गाठता आलं नाही. यारोविया लिपोलिटिका या यीस्टपासूनच्या ॲड्रुलायपेजलाही २०२१ च्या चाचणीत चरबी शोषणाचं उद्दिष्ट सातत्याने गाठता आलं नाही.

हे वाचून मी खट्टू झाले होते. पण यातून एक गोष्ट उमगली, तीच या लेखात मला सांगायची आहे. एवढा पैसा, एवढं डोकं लावून, स्फटिक बांधून बनवलेलं लायपेज जिथे थोडक्यात मागे पडलं, तिथे साध्या बुरशीच्या पावडरची कॅप्सूल डुकराच्या एन्झाइमच्या जागी चालेल हे कुणी नुसतं म्हटलं म्हणून मानायचं नाही. ते मोजून दाखवावं लागतं.

नळीने अन्न घेणाऱ्यांसाठी मात्र एक वेगळी वाट निघाली आहे: द्रव अन्न लायपेज बसवलेल्या छोट्या काडतुसातून जातं आणि चरबी शरीरात शिरण्याआधीच फुटते. 'रेलिझॉर्ब' नावाच्या या उपकरणाला अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. जठर, आम्ल, पित्त हा सगळा भोवरा त्यात टळतो. मला यातली युक्ती फार आवडते.

पायरी ४: डबी वाचायला शिका

दोन डब्या समोर आहेत असं धरा. एकीवर लिहिलंय 'लायपेज २५,००० युनिट', खाली फार्माकोपियाचं, म्हणजे औषधांची मानकं ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाचं, नाव. दुसरीवर: 'एन्झाइम मिश्रण ५०० मिलिग्रॅम: अमायलेज १०,००० डीयू, प्रोटिएज ४०,००० एचयूटी, लायपेज १,५०० एफसीसी'.

दुसरीकडे बघताना डोळा ४०,००० वर जातो. तो आकडा प्रोटिएजचा आहे. आपल्याला हवी ती ओळ शेवटची.

मिलिग्रॅममध्ये फक्त वजन कळतं, ताकद कळत नाही. एन्झाइम मोजतात ते ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या पीएचला, ठरलेल्या पदार्थावर ते किती काम करतं त्यावरून. एचयूटी हे एकक हिमोग्लोबिनवर ४.७ पीएचला मोजलेलं असतं, म्हणजे आतड्याच्या मानाने चांगल्याच आम्ल वातावरणात. एफसीसीचं (खाद्यपदार्थांतल्या घटकांच्या मानकांचं) लायपेज एकक आणि फार्माकोपियाचं लायपेज एकक वेगवेगळ्या पद्धतींनी काढतात. युरोपियन आणि अमेरिकन फार्माकोपियाची लायपेज एककं जवळपास सारखी धरता येतात, पण एफसीसीचं रूपांतर करून 'म्हणजे इतक्या गोळ्या' असा हिशोब मांडू नका. तो हिशोब मी मांडला होता, वहीत, अगदी व्यवस्थित चौकट आखून. दोन आठवड्यांत दीड किलो उतरलं.

डबीवर अजून काय बघायचं? तो 'आहारपूरक' आहे की औषध. आहारपूरकाला बहुतेक देशांत परिणाम सिद्ध करून दाखवावा लागत नाही, आणि मुदत संपेपर्यंत आत किती ताकद शिल्लक आहे याचीही औषधाइतकी हमी नसते. पपईचं पपेन, अननसाचं ब्रोमेलेन ही दोन नावं यादी लांब दिसावी म्हणून असतात. दोन्ही प्रथिनं फोडतात, चरबीला हात लावत नाहीत.

एकाच कामापुरती बुरशीची एन्झाइमं मात्र चोख चालतात. दूध न पचणाऱ्यांसाठी लॅक्टेज, कडधान्यांच्या गॅससाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. तिथे एकाच प्रकारच्या साखरा फोडायच्या असतात. त्यांच्या यशावरून लायपेजबद्दल अंदाज बांधू नका.

पायरी ५: घ्यायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवण झाल्यावर पाणी पिताना नाही. जेवताना. पहिल्या घासाबरोबर सुरुवात करा, आणि दोन-तीन कॅप्सूल असतील तर काही मध्ये, काही शेवटाकडे अशा वाटून घ्या. एन्झाइम आणि अन्न एकत्र खाली उतरलं पाहिजे. मी पहिला महिना 'रिकाम्या पोटी औषध चांगलं लागू पडतं' या जुन्या सवयीने आधीच गिळत होते, आणि औषध चालत नाही म्हणून कुरकुरत होते.

मोठ्या माणसांत सुरुवातीचा डोस बहुधा मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० लायपेज युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मा असतो. एक छोटी कॅप्सूल घेऊन 'गुण नाही' म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा डोसच कमी पडत असतो. वरची मर्यादाही पाळायची असते: सिस्टिक फायब्रोसिसमध्ये दर जेवणाला किलोमागे २,५०० युनिट आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिट याच्या पुढे जात नाहीत. ५० किलोच्या माणसाला एका जेवणाला १,२५,००० झाले. ही मर्यादा उगाच आलेली नाही. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये जास्त ताकदीची एन्झाइमं घेणाऱ्या मुलांत मोठ्या आतड्याला घट्ट चट्टे पडून ते अरुंद झाल्याचं आढळलं. लहान मुलांचा डोस म्हणूनच घरी वाढवू नका.

लेपाच्या गोळ्या चावू नका, कुटू नका. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे आंबटसर फळाच्या गरात मिसळा आणि लगेच गिळा, वर पाणी प्या. दूध किंवा आंबट नसलेल्या मऊ पदार्थात ठेवले तर लेप तिथेच विरघळतो. दाणे गालात अडकले तर तोंडात चट्टे येतात. एन्झाइम ते, समोर मांस असो की तुमची हिरडी, ते पचवायला बसतं.

डबी उन्हात, गाडीत, चुलीजवळ ठेवू नका. उष्णतेने एन्झाइम मरतं आणि कॅप्सूल दिसायला तशीच राहते.

पायरी ६: गुण येतोय का ते मोजा

वहीत चार रकाने पुरतात: आठवड्याचं वजन, दिवसातून किती वेळा शौचाला, तवंग होता की नाही, आणि कुठल्या जेवणाला किती कॅप्सूल. बाकी भावना लिहिल्या तर चालतील, पण हे चार हवेतच.

चरबीबरोबरच अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही वाया जातात, त्यामुळे तवंग थांबला तरी डॉक्टर त्यांच्या पातळ्या आणि हाडांची घनता बघतात. तेलतूप एकदम बंद करण्याचा जुना सल्ला आता सहसा देत नाहीत. वजन आधीच उतरलेलं असतं, त्यात आणखी उपास नको. एन्झाइम वाढवून नेहमीचं जेवण पचवायचं असा रोख असतो. सिगारेट आणि दारू सुटायला हवी, त्यावर जास्त लिहीत नाही.

मधुमेह असेल तर सावध. अन्न नीट शोषलं जाऊ लागलं की साखर बदलते आणि इन्सुलिनचा डोस पुन्हा बसवावा लागतो. अकार्बोज (पिष्टाचं पचन मंदावणारी मधुमेहाची गोळी) घेत असाल तर अमायलेज त्याच्या कामात खोडा घालतं, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पायरी ७: डुकराचं नकोच असेल तर

कारण सांगा, लाजू नका. श्रद्धा, शाकाहार, लाल मांसाची ॲलर्जी, यांपैकी कशामुळे ते ऐकून डॉक्टर काय करायचं ठरवतात. सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या अल्फा-गॅल साखरेची ॲलर्जी असणाऱ्यांना तर या कॅप्सूल खरोखरच अडचणीच्या ठरू शकतात. उलट बुरशीची ॲलर्जी असणाऱ्यांनी ॲस्परगिलसचं एन्झाइम विचारूनच घ्यावं. बेकरीत काम करणाऱ्यांना याच बुरशीच्या अमायलेजच्या धुळीने दमा होतो.

सूक्ष्मजीवांचं एन्झाइम वापरून बघायचं ठरलं, तर आहारपूरकापेक्षा औषध म्हणून नोंदणी झालेलं मिळतं का ते आधी विचारा. मग चालू औषध अचानक न थांबवता, डॉक्टरांना सांगून, तारीख ठरवून बदल करा. आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे जेवण शक्य तितकं सारखं ठेवा. दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, शौचानंतर वजन. शंका राहिली तर तीच कटकटीची तीन दिवसांची चरबीची चाचणी मागा, दोन्ही औषधांवर एकेकदा.

इलॅस्टेज मात्र यासाठी पुन्हा करू नका. ती चाचणी माणसाच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं इलॅस्टेज मोजते. बाहेरून आलेलं डुकराचं असो की बुरशीचं, तिला दिसत नाही. औषध उत्तम चाललं तरी तो आकडा होता तिथेच राहील. मी तो पुन्हा काढला, तसाच बघून रडले, आणि तेव्हा वजन सव्वादोन किलोने वाढलेलं होतं.